चावीवालीची हत्यारं

११ नोव्हेंबर, सोमवार

जिनिंगच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडायला आज अमळनेरहून माणूस आणावा लागला. जिनिंग दिवाळीआधीच बंद पडली. मालकांना जुने कागद हवे होते आणि कपाटाची चावी कोणाकडे आहे ते कोणालाच सांगता येईना. तिथली क्लार्क म्हणून मलाही बोलावलं होतं. आमच्या चोपड्यात बसस्टँडजवळ एकच चावीवाला बसायचा, तो मुलाकडे सुरतेला निघून गेला. त्यामुळे आम्ही सगळे सकाळपासून खुर्च्यांवर बसून, आणि अमळनेरचा माणूस उगवला दुपारी.

त्याने एक कोरी चावी मेणबत्तीवर धरून काळी केली, कुलपात घालून जोराने फिरवली, बाहेर काढून काजळी कुठे पुसली गेलीय ते बघितलं, तिथे कानस मारली, पुन्हा घातली. असं बऱ्याचदा. मग कपाट उघडलं. आत काय निघालं ते मी पाहिलंसुद्धा नाही. मी त्याच्या हातांकडे बघत होते.

घरी येताना डोक्यात एकच. एवढ्या गावात चावी करणारं कोणी उरलं नाही. माझी नोकरी गेलेली. आणि माझा सख्खा मामा धुळ्याला आग्रा रोडच्या फुटपाथवर जन्मभर हेच काम करत आलाय.

हितेंद्रला सांगितलं. "तू?" एवढंच म्हणाला आणि आणखी भाकरी मागितली. त्याची पिकअप केळीच्या मालावर असते, दमून येतो. नाही म्हणाला नाही, एवढं खरं. सासूबाई मात्र म्हणाल्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. "बाई मानूस कुलपं उघाडस म्हनीसन लोके काय म्हनतीन?" मी ताटं उचलली.

१७ नोव्हेंबर, रविवार

धुळ्याला गेले होते. वना मामा नेहमीच्या जागी, डोक्यावर छत्री बांधलेली, आणि आता काळा गॉगल. मी हसले तर म्हणाले, धुळ्यात धूळ, म्हणून. मामांना हौस कधी नव्हती, पण गॉगल चांगला दिसतो.

मोबाइलवर बघून मी हत्यारांची भली मोठी यादी करून नेली होती. मामांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी करून मलाच परत दिली. "तूच वाच."

वाचायला लागले. ग्राइंडर. "नको." ड्रिल मशिन. "नको आते." आत्ता नको. चावी कापायचं मशिन. "नको." तऱ्हेतऱ्हेच्या हुकांचा चामडी पाकिटातला संच. मामा नुसते हसले.

"मग घेऊ तरी काय, मामा?"

"शिकंजा ले, चावी धराले. तीन कानसी ले. चपटी, गोल, तिकोनी. कोऱ्या चाव्या ले. मेनबत्ती तुन्या घरमा व्हईच." आणि म्हणाले, "हत्यारं इकत लेवाले कोनी भी लेस. पहिले हात तयार कर."

आणि मला तिथेच बसवलं. एक जुनी चावी, एक कोरी चावी, दोन्ही शिकंज्यात शेजारी शेजारी. हिच्यासारखी ती कर. मी कानस चालवली की मामा मान दुसरीकडे वळवून बसायचे. मला वाटलं लक्षच नाही. पण माझा हात चुकला की लगेच, "जोर जास्ती लाई राहिनी. कानस जावाना वखत दाब, येवाना वखत उचल." न बघता.

चावी झाली नाही. बोटं सोलली. परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली, तेवढंच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ओट्यावर शिकंजा बसवलाय. कोथिंबीर एका बाजूला, लोखंडाचा भुगा दुसऱ्या बाजूला. अक्का म्हणतात कानशीच्या आवाजाने त्यांचे दात शिवशिवतात. त्यांना दात चारच आहेत, पण तसं बोलले नाही.

आजवर केलेली एकही चावी फिरत नाही. आत जाते आणि हट्टाने उभी राहते. खरं लिहायचं तर आज दुपारी रडले. छत्तिसाव्या वर्षी नवीन हात कुठून आणायचा?

१२ डिसेंबर, गुरुवार

अक्कांनी धान्याच्या कोठीची चावी हरवली. विचारलं तर, "गडबडमा कोठे पडनी, माले काय ठाऊक." कोठीत बाजरी, आणि संध्याकाळी भाकरी करायच्या. हितेंद्र कुलूप तोडायला पहार घेऊन उठला, तर अक्का त्याच्यावर खेकसल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं कुलूप आहे, त्याला हात लावायचा नाही.

मग मीच बसले. कोरी चावी काळी केली, घातली, फिरवली, बघितली. चकचकीत ठिपका बारीक होता, पण होता. तिथे गोल कानस. पुन्हा काळी, पुन्हा आत. पाठ दुखून आली. आणि मग, काही वेगळं न करता, चावी फिरली. लोणी कापल्यासारखी. मी ती बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. अक्का दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "आते बाजरी काढशी का खेयत बसशी?"

अक्का हल्ली फार विसरायला लागल्यात. परवा ट्रंकेची चावी, काल देवघराच्या पेटीची. वय झालं.

२९ डिसेंबर, रविवार

आज हितेंद्रची गाडी धुळ्याच्या मार्केटला जाणार होती, म्हणून पिकअपमधूनच गेले. मामांनी आज नवीन तऱ्हा काढली. मामीची ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधली, हातात कुलूप आणि वाकवलेली तार दिली आणि म्हणाले, सांग आत काय शे.

"मामा, काही दिसत नाही."

"कुलूप डोयाघाई नही दिखत, बोटघाई दिखस." डोळ्यांनी नाही, बोटांनी.

आधी नुसतं खरखर. मग हळूहळू कळायला लागलं की आत पट्ट्या आहेत, पहिली कडक आहे, दुसरी सैल, तिसऱ्या पट्टीखाली घाण आहे. मी सांगत गेले. मामांनी कुलूप हातात घेऊन तार फिरवली आणि म्हणाले, बरोबर. ओढणी सोडली तेव्हा समोर दोन गिऱ्हाइकं उभी राहून बघत होती. लाज वाटली नाही, याचं मलाच नवल.

आता मामा सगळी कामं माझ्याकडूनच करून घेतात. आलेल्या माणसाशी गप्पा ते मारतात, चावी मी करते. कुलपावरचा कंपनीचा नंबरसुद्धा मलाच वाचायला लावतात. परीक्षा घेण्याची त्यांची ही रीत.

संध्याकाळी झुंबरमामी त्यांना न्यायला आली. आग्रा रोड ओलांडताना दोघं हात धरून चालली होती. एवढ्या वर्षांत त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारपणी प्रेम वाढतं म्हणतात, ते खोटं नाही.

गाडीत हितेंद्रने विचारलं, "मामांना दिसतं ना गं नीट?"

मी म्हटलं, "मामांना? केसाएवढी खाच त्यांना कळते." त्याने आरसा नीट केला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

बसस्टँडच्या भिंतीला लागून टपरी मिळाली. आज तीळगुळाच्या दिवशी उघडली. शिकंजा, तीन कानसी, खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या, मेणबत्ती, आणि हॅक्सॉच्या पानापासून मी स्वतः घासून केलेले दोन हूक. कुलपात मोडलेल्या चावीचा तुकडा ओढून काढायला हे लागतात. आधीचे चार हूक वाकवताना मोडले. मामांचं म्हणणं, पान गॅसवर लाल होईपर्यंत तापवून मऊ कर, मग वाकव, मग पुन्हा तापवून पाण्यात टाक. तसं केलं तेव्हा टिकले.

पहिला माणूस आला, स्कूटरची चावी हातात, इकडे तिकडे बघत. "चावीवाला केव्हा येईल?"

"आलाय," मी म्हटलं. "द्या इकडे."

तो बराच वेळ संशयाने उभा राहिला. चावी लागली तशी काही न बोलता गेला. तासाभराने मित्राला घेऊन आला.

२ फेब्रुवारी, रविवार

शाळेच्या फाटकाचं कुलूप अडलेलं. शिपायाने त्यात गोडेतेल ओतलं होतं, त्यावर धूळ बसून आत लापशी झालेली. रॉकेलने धुतलं, वाळवलं आणि पेन्सिलच्या शिशाची पूड आत फुंकली. कुलूप नव्यासारखं. तेल नको, पूड हवी, हे मामांचं पहिल्या दिवसाचं वाक्य. माझ्या टपरीत आता तासलेल्या पेन्सिली एवढ्या पडल्यात की लोक विचारतात, शिकवणी घेता का.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भटू म्हणून एक ओळखीचा माणूस टपरीवर आला. म्हणाला घराची चावी हरवली, चला. गेले. चांगलं घर, दाराला नवं कुलूप. पिशवी उघडणार, तेवढ्यात मामांचं बोलणं आठवलं. दार उघडायच्या आधी माणूस ओळख. मी शेजारचं दार वाजवलं. शेजारीणबाई म्हणाल्या, घर ह्याच्या भावजयीचं आहे, ती लेकीच्या बाळंतपणाला जळगावच्या दवाखान्यात आहे, आणि दोघांचा जागेवरून वाद चाललाय.

मी पिशवीची चेन लावली. "भटूभाऊ, वहिनी आल्या की त्यांच्यासमोर उघडू."

"तुला उघडता येतं का तेवढं सांग," तो म्हणाला.

"येतं. म्हणूनच नाही उघडत."

बोलताना आवाज बरा निघाला. घरी येईपर्यंत पिशवीची चेन दोनदा तपासली.

६ मार्च, गुरुवार

भटूने गावभर सांगितलं की हिला काही येत नाही, नुसती घासत बसते. बाजारपेठेतली माणसं यायची थांबली. दोन दिवस टपरीवर मी आणि एक मांजर. अक्कांचं ऐकायला हवं होतं का, असं मनात आलं.

अक्काही त्यांच्या भजनी मंडळात माझ्याबद्दल काहीतरी बोलत असणार. कारण त्यानंतर तिथल्या बायका एकेक करून येतात, मला वरपासून खालपर्यंत निरखतात, आणि कपाटाचं नाहीतर पेटीचं कुलूप देऊन जातात. बघायला येत असतील, ही कोण नमुना. येईनात का. कुलपं तर येतात.

संध्याकाळी भटूची भावजय स्वतः आली. घराची सगळी कुलपं बदलून घ्यायचीत म्हणाली. ते काम मी गाणं म्हणत केलं.

२१ एप्रिल, सोमवार

रात्र झालीय, सगळे झोपलेत. पण आजच लिहायला हवं.

दुपारी ऊन असं की टपरीचा पत्रा हात लावू देईना. हितेंद्रचा फोन आला. तो यावल रस्त्यावरच्या केळी पिकवायच्या चेंबरवर माल भरायला गेला होता. "पिशवी घे आणि निघ. माणूस आत अडकलाय." त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रिक्षा केली.

वाटेत फोनवर त्याने समजावलं. तोताराम नावाचा मजूर मागच्या रांगेतली कॅरेट तपासायला चेंबरमध्ये गेला. तिथला मॅनेजर प्रेमराज याला वाटलं आत कोणी नाही. त्याने दार लावून कुलूप फिरवलं, आत केळी पिकवायचा गॅस सोडला आणि जेवायला गेला. परत आल्यावर आतून थापा ऐकू आल्या. घाबरून चावी घातली, जोर लावला, आणि चावी आतच मोडली. आतून उघडायची खुंटी कधीच तुटून गेलेली. गार हवा जाते म्हणून त्या भोकात कोणीतरी बोळा कोंबून चिकटपट्टी मारली होती.

केळी पिकताना आतली हवा खातात, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून तर चेंबर रोज उघडून हवा खेळवतात.

पोहोचले तेव्हा दाराभोवती माणसंच माणसं. दोघं पहारीने दार उचकटत होते. दार वितीएवढं जाड, आत फोम, वरून पत्रा. पत्रा सोलला होता, दार जागचं हललं नव्हतं, आणि कुलपाची पट्टी मात्र वाकली होती. कोणीतरी ग्राइंडर आणलं होतं. प्रेमराज त्याच्यापुढे हात पसरून उभा, "ठिणगी नको, आत गॅस आहे, ठिणगी नको." त्याच्या तोंडाचं पाणी पळालेलं.

मला पिशवीसकट बघून तो म्हणाला, "वहिनी, जळगावहून माणूस निघालाय. कंपनीचा आहे."

हितेंद्र पुढे झाला. त्याने आरडाओरडा केला नाही. म्हणाला, "जळगाव लांब आहे. ही इथे आहे."

मग प्रेमराज बाजूला झाला.

मी दाराला कान लावला. थाप आली. एक. मग बऱ्याच वेळाने आणखी एक, हळू. मी ओरडले, "तोतारामभाऊ, खाली झोपू नका. दाराशी बसा. उघडते." ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

गुडघ्यावर बसले. चावीचा तुकडा खोल होता, आणि पट्टी वाकल्यामुळे भोक तिरकं झालेलं. प्रत्येकजण मोबाइलचा उजेड धरत होता, त्याने सावल्याच नाचत होत्या. घाम डोळ्यांत उतरला. मी म्हटलं, उजेड काढा. सगळ्यांनी काढला. डोळे मिटले.

पहिला हूक आत घातला आणि तो मोडला. मागे कोणीतरी "गेलं" म्हणालं. मनात आलं, भटू बरोबर बोलत होता, मी कशाला आले, हा माणूस माझ्यापायी मरणार. हे मी लपवत नाही. पण हात तिथेच होते, आणि हात काही विचार करत नव्हते. त्यांनी चिमट्याने हुकाचा तुकडा काढला, पेन्सिलीची पूड फुंकली, दुसरा हूक घेतला. पट्टीचा वाक ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूने तो सरकवला. चावीचे दात लागले. एक, त्याच्यामागे एक. हूक अडकला. ओढायचा नाही, नुसता वळवून धरायचा आणि येऊ द्यायचं. आला. तुकडा माझ्या तळहातावर पडला. गरम होता, का माझाच हात गार होता, कळलं नाही.

तुकडा निघाला म्हणजे दार उघडलं असं नव्हे. मोडकी चावी जोडायला वेळ नव्हता. मामांनी डोळे बांधून शिकवलं होतं तसं, एका हाताने भोकात घातलेल्या चपट्या सळीचा ताण दिला, दुसऱ्या हातातल्या वाकड्या तारेने आतल्या पिना एकेक उचलत गेले. पहिली बसली. दुसरी बसली. तिसरी बसेना. ताण जरा सैल केला तशी तीही बसली. चौथी, आणि मग ती बारीक टिचकी. तिची वाट बघताना सगळ्यांनी श्वास रोखला होता बहुतेक, कारण ती सगळ्यांना ऐकू आली.

हितेंद्रने हँडल ओढलं. दार उघडलं, आणि तोताराम दाराला टेकून बसलेला, तो तसाच बाहेर कलंडला. ओठ निळसर. गाडीत घालून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. संध्याकाळी शुद्धीवर आला आणि म्हणे सगळ्यात आधी चहा मागितला.

मी चेंबरच्या पायरीवर बसून राहिले. प्रेमराज समोर येऊन जमिनीवरच बसला. मोडक्या चावीची मूठ अजून त्याच्या हातात होती. जळगावचा माणूस बऱ्याच वेळाने आला, कुलूप बघितलं, माझे हूक बघितले आणि पाणी मागितलं. मग विचारलं, "पान तापवून मऊ केलंत का?" मी हो म्हटलं. त्याने मान डोलावली.

२२ एप्रिल, मंगळवार

मामांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोया मिच्या व्हत्या का?"

"हो, मामा, मिटलेच होते."

मग मामीने फोन घेतला, म्हणाली त्यांना ठसका लागलाय. मामी ठसक्याचं सांगतानाही रडवेली वाटली. धुळ्यात फार धूळ, खरंच.

अक्कांनी आज चहा टपरीवर आणून दिला. सगळ्या गावाच्या देखत, पदर डोक्यावर घेऊन, बसस्टँडपर्यंत चालत. कप ठेवला आणि म्हणाल्या, "साखर कमी शे." नव्हती कमी.

११ मे, रविवार

तोताराम बरा आहे, पण चेंबरकडे जात नाही. दारापर्यंत येतो आणि परत फिरतो. बाकीचे मजूरही आत जायला तयार नाहीत. मोसम ऐन भरात, केळी बाहेर कॅरेटमध्ये पडून. प्रेमराज आज घरी आला. म्हणाला, "वहिनी, असं दार करून द्या की बाहेरून कितीही कुलूप असो, आतून उघडलंच पाहिजे. सगळ्या दारांना." कंपनीच्या खुंट्या यायला पावसाळा उजाडेल म्हणे.

मी हो म्हणून बसले. कुलूप उघडणं वेगळं आणि कुलूप घडवणं वेगळं. मला दुसरं येत नाही.

पण डोळ्यांसमोर दिसतं तरी आहे. आतल्या बाजूला एक जाड दांडी, तिच्या टोकाला तळहाताएवढी चकती. चकती ढकलली की दांडीने बाहेरच्या हँडलची जीभ मागे रेटायची, कुलपाला न विचारता. आता ड्रिल मशिन लागणार. मामांना विचारलं. म्हणाले, "आते ले." आणि मामीबरोबर बसमध्ये त्यांची स्वतःची हत्यारांची पेटी पाठवली. मामी पेटी ठेवून लगेच परत निघाली. म्हटलं राहा दोन दिवस. "तुना मामाले सोडीसन कशी ऱ्हाऊ?" म्हणाली. पेटीत सगळं आहे. कानसी, हूक, गुळगुळीत झालेला शिकंजा. मामांनी सगळंच कसं पाठवलं? त्यांचं काम कशाने चालणार? फोनवर विचारलं तर म्हणाले, आराम करतो जरा. चांगलंच आहे, मिळायलाच हवा.

२५ मे, रविवार

पहिली दांडी फसली. कोरड्यात झकास चालली, चेंबर गार झाल्यावर ओलाव्याने आखडली. ढकलायला मलाच दोन्ही हात लागले. अंगातला जीव गेलेल्या माणसाला कसं जमणार? सगळं उचकटलं. प्रेमराजचं तोंड उतरलं. मी म्हटलं, आज फसलं हे बरं झालं. घरी येऊन मात्र जेवले नाही.

हितेंद्र म्हणाला, "पिकअपच्या मागच्या फळीची कडी बघ. पावसातही कधी आखडत नाही." कंदील घेऊन दोघं गाडीखाली शिरलो. कडीला पितळेची नळी आहे. लोखंडावर लोखंड नाही, पितळेत लोखंड.

एवढे दिवस गाडी दारातच उभी असते, आणि मी कधी खाली वाकून बघितलं नाही.

९ जून, सोमवार

आज झालं.

सगळ्या दारांना पितळेच्या नळीतली दांडी बसवली. चकत्या लाल रंगवल्या. मामा-मामी धुळ्याहून आले होते. मामांनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता हात फिरवला. चकती, दांडी, नळी, स्क्रू न् स्क्रू. आम्ही सगळे टक लावून बघतोय आणि ज्यांनी बघायचं ते गॉगल लावून माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे. मग म्हणाले, "चपटी कानस मारेल शे. चांगली मारेल शे."

मजूर लांब, लिंबाखाली. त्यांच्यात तोतारामही, बायकोबरोबर. प्रेमराज म्हणाला, कोणीतरी आत जाऊन दाखवायला हवं. कोणी उठलं नाही. मग मीच गेले. आत पाय टाकताना सांगितलं, "कुलूप लावा आणि चावी तोतारामभाऊंच्या हातात द्या."

दार लागलं. चावी फिरल्याचा आवाज आला. अंधार, गारठा, आणि हिरव्या केळ्यांचा तो मुरलेला जाड वास. खरं सांगते, मी केलेली दांडी असूनही क्षणभर दार कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. तोतारामने इथे काय भोगलं असेल, ते तेव्हा कळलं. हात पुढे केला. चकती लागली. एका तळव्याने ढकलली. दार उघडलं आणि सगळं ऊन एकदम अंगावर आलं.

टाळ्या वाजवल्या लोकांनी. मामा म्हणाले, "माले आयकू उनं. बरोबर वाजनं."

पण तोताराम हसला नाही. चावी मुठीत धरून उठला, दारापर्यंत आला. त्याच्या बायकोने हाक मारली, त्याने मागे बघितलं नाही. चावी माझ्या हातात दिली.

"लावा," म्हणाला, आणि आत गेला.

मी दार लावलं, कुलूप फिरवलं. आतून काहीच आवाज नाही. प्रेमराज माझ्याकडे बघायला लागला. हितेंद्र पुढे सरकला, मी हाताने थांबवलं. चावी माझ्या हातात होती, पण आज ती वापरायची नव्हती. आत तो उभा आहे, अंधारात, आणि आपल्या मनाने ठरवतोय. ते त्याचं काम, माझं नाही.

चकती वाजली. दार हळूच उघडलं. तोताराम उंबऱ्यावर उभा. त्याने दार पुन्हा आपल्या हाताने ओढून घेतलं, पुन्हा उघडलं. मग लिंबाकडे तोंड करून म्हणाला, "उठा रे. केळी उन्हात पडली आहेत."

पहिलं कॅरेट त्यानेच उचललं आणि आत नेलं. त्याच्यामागे एकेक करून सगळे उठले.